झिजायचं कुणी?

नवी वस्तू घरात आली की आधी झाकायची, मग वापरायची, ही आपली रीत. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या सीटवरचं वेष्टण वर्षभर तसंच. त्यामुळे टॅब घेतला की दुकानदार लगेच विचारतो, "टेम्पर्ड मारून देऊ का?" आणि आपल्याच्याने नाही म्हणवत नाही. वर तो छातीठोकपणे सांगतो, "नाइन एच आहे, ओरखडा म्हणून यायचा नाही."

हे नाइन एच प्रकरण मोठं गमतीचं. हिरा दहावर, म्हणजे ही काच हिऱ्याच्या खालोखाल, असा पुष्कळांचा समज. पण कठीणपणाची दहापर्यंतची ती मोजपट्टी फ्रीडरिक मोह्स या खनिजशास्त्रज्ञाची, १८१२ सालची. तिच्यावर शंखजिरं १, क्वार्ट्झ ७, हिरा १०. पाकिटावरचं ९एच आहे पेन्सिलींचं. सगळ्यांत कडक पेन्सिल दाबून ओढली तरी चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोह्सच्या पट्टीवर काच साडेपाच-सहाच्या घरात बसते. आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर!

म्हणजे टॅबवर स्टायलसने लिहिताना धाक धरायचा तो वाळूच्या कणाचा, त्या पेनाचा नव्हे. स्टायलसचं टोक बहुधा प्लास्टिकचं. काचेपुढे ते मऊच. स्वच्छ काचेवर ते रोज फिरलं तरी बिघडत नाही. पण खिडकी उघडी असते, समोर इमारतीचं काम चालू असतं, आणि त्यातला एखादा कण टोकाखाली सापडतो. मग आपल्याला वाटतं आपण लिहितोय. चरत असते ती वाळू. वर पुसायला आपण घेणार शर्टाचं टोक नाहीतर ओढणी, आणि तोच कण कोरडा कोरडा स्क्रीनभर फिरवणार. आधी फुंकर मारावी, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरचं फडकं हलकेच फिरवावं. निम्मी राखण एवढ्यातच होते. (एके काळी मुलं धूळपाटीवरच अक्षरं गिरवायची, हे आता कुणाला सांगावं!)

पूर्वी मात्र पेनाची भीती खरी होती. १९९६ साली पाम पायलट हा तळहातावर मावणारा छोटा संगणक आला तेव्हा त्याच्या स्क्रीनचा वरचा थर लवचिक प्लास्टिकचा होता. दाबल्याशिवाय त्याला काही कळत नसे. अक्षरं काढायची ती खालच्या एका चौकोनातच, त्यामुळे तेवढीच जागा चरे पडून जायची, आणि हुशार मंडळी तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवायची. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने स्टायलसची भर सभेत टर उडवली. २०१५ मध्ये आयफोनच्याच कंपनीने 'पेन्सिल' नावाचा स्टायलस बाजारात आणला. मधल्या काळात काच सुधारली होती. पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, ४०० अंशांच्या आसपास, काच बुडवून ठेवतात. पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे घुसतात. लोकलच्या भरल्या बाकावरून लहानखुरा माणूस उठावा आणि त्या जागेत धिप्पाड गृहस्थ बसावा, तशी दाटी होते. त्या दाटीमुळे काच सहजी तडकत नाही. वाळूपुढे मात्र तिचंही चालत नाही.

मग फिल्म लावावी का? माझ्यापुरतं म्हणाल तर लावावी, पण चऱ्याच्या धास्तीने नव्हे. गुळगुळीत काचेवर शिरोरेषा धरवत नाही. हात शब्द संपला तिथे थांबत नाही, रेघ पुढच्या अक्षरापर्यंत घसरत जाते. 'ळ'ची गाठ तर हमखास सुटते. मॅट फिल्मला कागदासारखा दाणा असतो. टोक तिथे अडतं, खसखस वाजतं आणि अक्षर ताळ्यावर येतं. याची किंमत दोनदा मोजावी लागते. पांढरं पान जरासं रंगीत, दाणेदार दिसू लागतं, आणि तो दाणा पेनाचं टोक खात राहतो.

झिजलेलं टोक एकदा भिंगाखाली धरून पाहा. गोलाई जाऊन एकाच अंगाला तिरपा सपाट काप पडलेला असतो. आपण पेन कुठल्या कोनात धरतो, हे त्यावरून कुणीही सांगेल. तसा काप दिसला की टोक बदलावं. काही पेनांत आत धातूची काडी असते. ती उघडी पडेपर्यंत ताणलं, तर फिल्मला आणि तिच्याखालच्या काचेला कोण वाचवणार?

टोक मऊ असतं ते झिजण्यासाठीच. फिल्मचंही तसंच, तिला चरे पडले की सोलून टाकायची, हळहळायचं नाही. जुन्या टाकाच्या निबा दुकानात सुट्या मिळायच्या. ही टोकं पाकिटातच घ्यावी लागतात, आणि त्यांचे भाव ऐकले की हात आपोआप हलका पडतो.