जागरणाचा अर्थ

माझे मामू अकोल्याला असतात. त्यांना हिपॅटायटिस बी आहे, आणि आता सिरोसिसही. गेल्या हिवाळ्यापासून मामी फोनवर एकच सांगायच्या: रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि जोहरनंतर बसल्या जागी पेंगतात.

घरात ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. तहज्जुदला उठतात, चांगलंच आहे, असं मोठा मुलगा म्हणे. दिवसभर पडून राहिल्यावर रात्री झोप येणार कशी, हे सुनेचं. शेजाऱ्यांनी झोपेची गोळी सुचवली आणि ती दुकानातून आलीही.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती गोळी बंद केली. आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी लिव्हर रक्तातून काढून टाकतं. लिव्हर थकलं की तो मेंदूपर्यंत पोचतो. रात्र-दिवस उलटे होणं ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. पुढे बोलण्यात घोळ, हात थरथरणं, शेवटी बेशुद्धी. झोपेची गोळीही त्याच थकलेल्या लिव्हरला पचवावी लागते, म्हणून तिची गुंगी लांबते.

मामूंना मिळालं लॅक्टुलोजचं गोड सिरप, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल इतकं. झोपेसाठी पोटाचं औषध! मामींना पटायला आठवडा लागला. मामूंची फिकीर वेगळीच, वजू टिकत नाही ही.

सिरोसिस नसलेल्यांचीही झोप उडते: थकवा, रात्रीची खाज, आणि काळजी. ही काळजी मला जास्त छळणारी वाटते. ‘मुलीच्या सासरी कळलं तर?’ अशा भीतीने कितीतरी घरांत रिपोर्ट कपाटात दडवतात. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. तो रक्तातून, वापरलेल्या सुईतून, ब्लेडमधून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो. बी ची लस आहे, घरच्यांनी ती घ्यावी. सी ची पूर्वीची इंटरफेरॉनची इंजेक्शनं स्वतःच झोप उडवत. आता गोळ्यांनी बहुतेक जण 12 आठवड्यांत बरे होतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये चौकशी करावी.

मामूंची झोप आता बरीच सुधारली आहे. मामी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोज लिहितात: किती वाजता झोपले, दिवसा किती, पोट किती वेळा साफ झालं. तपासणीच्या दिवशी ते कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घालतात.