बोदवडचा कापूस, टकळीचं सूत

भुसावळहून मलकापूरकडे निघालं, की वाटेत बोदवड लागतं. दिवाळीनंतर इथं बघावं तिकडं कापूस. तो जिनिंगला जातो नि गाठी होऊन परगावी. ज्यांच्या शेतात पिकतो, त्यांच्या पोरांनी सूत निघताना मात्र पाहिलेलं नसतं!

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे नयी तालीमच्या शाळांतून मुलं टकळी फिरवू लागली. चित्रकलेच्या तासाला ती पुन्हा यावी. सरकी काढून पेळू करावा नि टकळीवर ओढावा. पीळ कमी पडला, की धागा तुटतो. हे फळ्यावर शिकवून येत नाही. मग सूत धुऊन आधी हिरड्याच्या, नंतर तुरटीच्या पाण्यात भिजवावं नि पळसफुलांच्या पाण्यात उकळावं. छान पिवळं होतं. नुसत्या हळदीचा रंग उन्हात उडतो. फुलं होळीच्या सुमारास वेचून सावलीत वाळवावीत, वर्षभर पुरतात.