चौथा प्रश्न

नवी सनद घेऊन मी भोरच्या कोर्टात उभा राहिलो, तेव्हा 1872 चा पुराव्याचा कायदा मला तोंडपाठ होता. हे पाठांतर दोनदा फुकट गेलं. दुसऱ्यांदा गेलं ते 1 जुलै 2024 ला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला तेव्हा. पहिल्यांदाचं सांगतो.

दावा बांधाचा. पक्षकार वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याचा. शेजारच्या भाऊबंदानं बांध कोरत कोरत याच्या भातखाचरात सरकवला होता. सीनियर म्हणाले, "रविवारी जागा बघून येऊ."

"कशाला? सात-बारा आहे की!"

"सात-बाऱ्यावर चिखल दिसत नाही."

एस.टी.नं नसरापूरमार्गे वेल्हे गाठलं आणि पुढे पायी. मला फक्त माझे नवे बूट दिसत होते, तेही एकच. दुसरा खाचरात राहिला होता. सीनियर मात्र एका जांभळीभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते.

प्रतिवादीच्या म्हाताऱ्या साक्षीदारानं सरतपासात छातीवर हात ठेवून सांगितलं, "बांध हाय तिथंच हाय." मला वाटलं, सीनियर आता त्याला फाडून खाणार. ते उठले आणि घरच्यासारखे बोलू लागले.

"आजोबा, ती जांभूळ किती जुनी?"

"माझ्या ल्हानपणापास्नं हाय."

"जांभळं वेचायला कुठून जायचात?"

"बांधावरनं. बुंध्याशीच बसायचो."

"चिखलात?"

"बांधावर कसला चिखुल?"

"झालं, साहेब," म्हणून सीनियर खाली बसले. मी चक्रावलो. नंतर त्यांनी बोटानं कोर्ट कमिशनरचा नकाशा दाखवला. त्यात जांभूळ प्रतिवादीच्या खाचरात, चांगली चार पावलं आत!

दुसरा साक्षीदार त्यांनी माझ्या हवाली केला. "हेच तीन विचार आणि बस." तिन्ही विचारले. उत्तरंही तीच आली. पण समोर कोर्ट, मागे गर्दी आणि अंगात नवा काळा कोट! मी आवाज चढवला, "मग आज जांभूळ खाचरात कशी गेली?"

"ह्याच्या बापानंच बांध सारू दिला की! पोरीच्या लगनाला भात नेलं हुतं, त्याच्या बदली."

माझा पक्षकार माझ्याकडे असा बघायला लागला, की मीच त्याचा बांध कोरलाय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याचं वर्षाचं पोट त्या खाचरावर होतं.

युक्तिवादात सीनियर शांतपणे म्हणाले, "साहेब, कैफियतीत प्रतिवादी म्हणतो, बांध हललाच नाही. त्याचाच साक्षीदार म्हणतो, हलवला. आणि भाताच्या बदल्याचा कैफियतीत एक शब्द नाही. जे कैफियतीत नाही, त्याच्या पुराव्याला किंमत काय?"

दावा आमच्यासारखा झाला. वाटलं, आपला चौथा प्रश्नच कामी आला! तसं सुचवूनही पाहिलं. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "बूट एक सापडला म्हणून पुन्हा खाचरात उतरू नये."

पुढच्या जूनमध्ये पक्षकार आला. सीनियरना पायलीभर आंबेमोहोर. माझ्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण.

"धाकल्या वकीलसायबांस्नी जांभळं. झाड पुन्यांदा बांधावर आलंया."