पाट्या त्याच, बिऱ्हाडें नवीं

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंत अटलांटा येथें राहतात. त्यांच्याकडे गेलों असतां जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाच्या आवारांत एका शिल्पापाशीं आम्ही बराच वेळ उभे राहिलों. १८६८ सालीं केवळ वर्णामुळें हांकून दिलेल्या ३३ कृष्णवर्णीय सभासदांचें तें स्मारक. मत देण्याचा हक्क मिळाला म्हणून सभेंत बसण्याचाहि मिळाला असें नाहीं, हा त्या वेळचा युक्तिवाद! हांकलणाऱ्यांत पुढाकार डेमोक्रॅट पक्षाचा. हांकलले गेलेले रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचे.

आज त्याच इमारतींत कृष्णवर्णीय सभासद जवळजवळ सारे डेमोक्रॅट, आणि रिपब्लिकन बाकांवर बहुतेक सर्व गोरे. "म्हणजे पाट्या तशाच ठेवून बिऱ्हाडें बदललीं म्हणा कीं!" असें आमचें कुटुंब म्हणालें, तें अक्षरशः खरें आहे.

ही अदलाबदल एका रात्रींत झाली नाहीं. १९६४ चा नागरी हक्कांचा व १९६५ चा मतदानाचा, हे दोन्ही कायदे डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीनें झाले, तेव्हां दक्षिणेंतील गोरा मतदार बिथरला. पण अध्यक्षाच्या निवडणुकींत पक्ष सोडणारा तोच गृहस्थ गांवच्या आमदारासाठीं मात्र वडिलांच्याच पक्षाला मत देई. हें चांगलीं तीस-चाळीस वर्षें चाललें. २००२ सालीं जॉर्जियांत रिपब्लिकन गव्हर्नर निवडून येतांच चार डेमोक्रॅट सेनेटर पलीकडे गेले आणि राज्याच्या सेनेटमधील बहुमत फिरलें. शेजारच्या अलाबामांत १३६ वर्षांची सत्ता २०१० सालीं गेली.

आम्हांस चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीची. १९९० च्या शिरगणतीनंतर कृष्णवर्णीयांचें बहुमत होईल असे मतदारसंघ अनेक ठिकाणीं आंखले गेले. त्यांचे प्रतिनिधि वाढले. परंतु त्यांचीं मतें तेथें एकवटल्यानें शेजारचे मतदारसंघ अधिक गोरे झाले, व कृष्णवर्णीयांच्या मतांवर तगून असलेले जुने गोरे डेमोक्रॅट पडूं लागले. ज्यांच्या हातीं समित्यांचीं अध्यक्षपदें येऊं लागलीं होतीं ते विरोधी बाकांवर जाऊन बसले. संख्या वाढली एवढें वाचून आम्ही मात्र इतकीं वर्षें समाधान मानीत होतों.

परततांना चिरंजीवांच्या मुलानें (तो यंदाच मतदार झाला आहे) गाडींत विचारलें, "आजोबा, तुमचा पक्ष तुम्हीं कसा निवडलात?" आमच्या तीर्थरूपांनीं ठरवून दिलेल्या पक्षालाच आम्ही आजवर मत देत आलों, हें त्याला सांगण्याचें आम्हीं टाळलें आणि सिग्नल कधीं सुटतो तें पाहूं लागलों.