अम्मीचं नाक

बिर्याणीवर केवडा शिंपडताना अम्मी विचारते, "बास आती ना रे?" आणि लगेच स्वतःच सांगते, "आती, आती." करोनातून उठल्यापासून तिच्या या 'आती'वर माझा विश्वास राहिलेला नाही. मागे भवानी पेठेतल्या घरात शेगडीची नळी गळत होती. वरच्या मजल्यावरच्या भाभी धावत खाली आल्या. अम्मी शेगडीशेजारी निवांत तांदूळ निवडत होती. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र मर्कॅप्टन घालतात. तेही तिला कळलं नाही.

"वास येतो का?" या प्रश्नाच्या उत्तरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: नाकाची ताकद आणि 'हो' म्हणायची सवय. अम्मीने तर उभ्या आयुष्यात कुठल्या तक्रारीला 'हो' म्हटलेलं नाही, गुडघ्यांच्याही नाही. पाषाणच्या आयसरमधल्या संशोधकांनी २०२० साली करोना रुग्णांची वास ओळखण्याची क्षमता यंत्राने मोजली, तेव्हा 'आम्हाला काही झालेलं नाही' असं वाटणाऱ्या कित्येकांचं नाक कमजोर निघालं.

मानसशास्त्राच्या प्रयोगांत यावर एक जुना उपाय आहे. हो-नाही विचारायचंच नाही. दोन वाट्या पुढे ठेवायच्या आणि वास कोणत्या वाटीत ते निवडायला लावायचं. 'माहीत नाही' चालत नाही. डोळे मिटून अंदाज केला तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. तेवढीच आली तर संवेदनशीलता शून्य. तिला डी-प्राइम म्हणतात. ७६ टक्के बरोबर आली की ती एक. ग्रीन आणि स्वेट्स यांच्या १९६६च्या पुस्तकात हा सगळा हिशेब आहे.

एका रविवारी मी अम्मीच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधली. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत केवड्याचं. कुठली आधी हुंगवायची ते नाणं उडवून ठरवलं. मध्ये मध्ये थांबत २० फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी तिने ठणकावून सांगितलं, "पहिली!" "दुसरी!" एकदाही अडखळली नाही.

बरोबर ११. नुसत्या अंदाजाने १५ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास असते. ती १५ पर्यंत गेली असती तर मी निर्धास्त झालो असतो.

ओढणी सोडत तिने विचारलं, "कितने आए?"

"बीस में ग्यारह."

"म्हणजे पास की!"

मी वाट्या धुऊन ठेवल्या. संध्याकाळी गॅस गळतीचा अलार्म आणून शेगडीजवळ भिंतीवर ठोकला. अम्मीला सांगितलं, भाभींच्या समाधानासाठी आहे.