नऊ गोल

नाताळच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून भोपाळला ताईकडे गेलो होतो. ताई इंद्रपुरीत राहते. दाजी भेलमध्ये नोकरीला, त्यामुळे लग्नानंतर ती तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. दरवेळी स्टेशनवर धावत येणारा भाचा या खेपेला दिसला नाही. घरी पोचलो तर साहेब पांघरूण घेऊन टीव्हीसमोर. ‘मामा, आलात?’ एवढंच म्हणाला आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

रात्री ताईनं कारण सांगितलं. पोरगा शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. आठवड्यापूर्वी एका सामन्यात त्याच्यावर नऊ गोल झाले. त्या दिवसापासून पॅड माळ्यावर गेले होते. भोपाळ हे हॉकीचं गाव. 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध ऐन वेळी बरोबरी साधणारे अस्लम शेर खान इथलेच. अशा गावात नऊ गोल खाल्लेल्या पोरानं तोंड कुठं दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बर्फावरची हॉकी लागली होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मला काही कळेना. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, ती डोळ्यांना दिसेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचलेली. भाच्यानं समजावलं, एका बाजूचे गोलकीपर धरून सहा खेळाडू, वीस वीस मिनिटांचे तीन भाग. मग एकदम विचारलं, ‘मामा, आपली टीम आहे का यात?’

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, पण हा इतिहास मला ठाऊक नव्हता. ‘बघून सांगतो’ म्हणालो आणि खरंच दोन दिवस त्यातच घालवले.

गंमत म्हणजे, आपली टीम आहे! भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला 1989 मध्ये. पुरुषांचा संघ मात्र पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो 2009 मध्ये, अबू धाबीच्या आशियाई चॅलेंज चषकात. मध्ये वीस वर्षं गेली. तो चषक जिंकला यजमान संयुक्त अरब अमिरातीनं. म्हणजे वाळवंटातल्या देशाकडे बारमाही बर्फाचं मैदान, आणि हिमालय उशाशी असलेल्या आपल्या संघाला सराव करायचा तर तळं गोठायची वाट बघायची!

आपले बहुतेक खेळाडू लडाखचे. पुष्कळसे लष्करातले आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलातले. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथलं करझू तळं थंडीत गोठलं की तेच मैदान. सुरुवातीच्या काळात तर लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून लोक बर्फावर उतरत. तो बर्फ टिकतो जेमतेम दोन महिने. बाकी वर्षभर नुसती आठवण. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी देहरादूनला बंदिस्त रिंक बांधलं, 2012 मध्ये आशियाई चषकाच्या खालच्या गटाची स्पर्धाही तिथं झाली. पण नंतर ते कैक वर्षं बंदच होतं, ते सुरू झालं 2025 मध्ये. 2015 मध्ये संघाला कुवेतला जायचं होतं तर प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली.

एवढ्यावर निकाल काय लागणार? विजय बोटांवर मोजण्याइतके, बाकी पराभव, त्यातले कित्येक मोठ्या फरकाचे. हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे हरायलाच जातात?’

‘हो. आणि पुढच्या वेळी परत जातात.’

तो काही बोलला नाही. मग मी त्याला त्याच्याच प्रांतातल्या एका गोलकीपरची गोष्ट सांगितली. महूचे शंकर लक्ष्मण. आपल्या बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्या पलटणीचे. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं एक गोल केला आणि भारताचं सुवर्णपदक पहिल्यांदाच हुकलं. त्या दिवशी गोलात हेच उभे होते. चार वर्षांनी टोकियोत अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तान, गोलात पुन्हा शंकर लक्ष्मण. या वेळी भारत जिंकला, एक-शून्य. 1960 नंतर त्यांनी पॅड माळ्यावर टाकले असते तर?

हे बोलताना मलाच कुठंतरी टोचलं. कॉलेजात असताना मी एका कन्नड वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. मराठी शाळेत शिकलेलो, तरी हौस. तिसऱ्या वाक्याला अडखळलो, सभागृह हसलं, मी खाली उतरलो. आमची ही धारवाडची, घरात तिच्याशी रोज कन्नड बोलतो. पण स्टेजवर पंचवीस वर्षांत एक वाक्य नाही. भाच्याला कुठल्या तोंडानं उपदेश करत होतो मी? हिला हे सगळं ठाऊक. ती तिथंच भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे बघत भाच्याला म्हणाली, ‘सोलु-गेलुवु इद्दद्दे. हार-जीत चालायचीच रे राजा.’

निघायच्या आधी त्याला एक गोष्ट आणखी सांगितली. भारताच्या मुलींचा आइस हॉकी संघ 2016 मध्ये पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत उतरला आणि हरला. 2017 मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 असं हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. 2025 मध्ये त्याच संघानं आशियाई चषकात कांस्यपदक आणलं. पुरुषांचा संघ अजून तिथवर पोचलेला नाही. पण तळं गोठलं की त्यांचाही सराव सुरू होतोच.

जानेवारीत आमच्या कॉलेजच्या कन्नड विभागाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. दरवर्षी मी मराठीत उरकतो. यंदा कन्नडमध्ये बोललो. सहा वाक्यं. दोन चुकली. मुलं हसली, मीही हसलो आणि उरलेलं बोलून मगच खाली आलो.

त्याच रविवारी भोपाळहून फोन आला. भाचा धापा टाकत बोलत होता, मैदानावरूनच असावा.

‘मामा, आज मॅच होती. पाचच झाले!’