जुन्या यंत्रातील नवे कार्ड

वर्धा जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत आणि सहकारी संस्थांच्या दफ्तरांत ज्या संगणकांनी एके काळी कापसाच्या गाठींची मोजदाद केली आणि सभासदांची खाती सांभाळली, त्यांपैकी जे माझ्या मेजावर दुरुस्तीस येतात, त्यांच्या मालकांना नवे यंत्र परवडत नाही असे नसते. त्यांना हवा असतो तो त्या जुन्या यंत्रातच चालणारा, त्यांच्या व्यवहाराच्या अंगवळणी पडलेला प्रोग्राम आणि त्यातील दस्तऐवज. म्हणून जुनी पेटी तशीच ठेवून तिच्या रिकाम्या स्लॉटमध्ये नव्या काळाचे कार्ड बसविणे हा माझा व्यवसाय झाला. आणि त्यात माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे, की जुळवून घेण्याचा सारा भार नव्या कार्डाने उचलावा, जुन्या यंत्राने नव्हे.

आयबीएमने 1981 साली आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात पाच स्लॉट मोकळे ठेवले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली, त्यामुळे कोणाही कारागिरास त्यासाठी कार्ड घडविण्याची मुभा मिळाली. त्या स्लॉटमध्ये 62 संपर्कबिंदू होते आणि माहिती एका वेळी आठ बिटांनी वाहत असे. 1984 च्या एटी यंत्रात ती सोळा बिटांवर गेली, तेव्हा जुना स्लॉट न मोडता त्याच्याच रेषेत 36 बिंदूंचा दुसरा तुकडा जोडला गेला, आणि जुनी बहुतेक कार्डे नव्या यंत्रातही निर्वेधपणे चालत राहिली. उलट दिशेने, म्हणजे सोळा बिटांचे कार्ड आठ बिटांच्या स्लॉटमध्ये, सहसा चालत नाही. परंतु काही व्हीजीए आणि नेटवर्क कार्डांच्या रचनाकारांनी अर्धा स्लॉट रिकामा आहे हे ओळखून आठ बिटांवर काम करण्याची तजवीज केलेली असते, आणि अशी कार्डे मी जपून ठेवतो.

आयबीएमच्याच एक्सटी यंत्रातील दहा मेगाबाइटची डिस्क थकली की आज एक्सटी-आयडीई नावाचे, हौशी तंत्रज्ञांनी आपल्या आराखड्यांसह सर्वांस खुले केलेले कार्ड घालून तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वापरता येते. यंत्र सुरू होताना त्याचा बायोस, म्हणजे चिपमध्ये कायम साठविलेला आरंभीचा प्रोग्राम, स्मृतीच्या वरच्या भागात ठराविक अंतरांवर 55 आणि एए या दोन खुणांचा शोध घेतो, त्या सापडल्या तर बेरजेची रुजुवात करतो, आणि मग त्या कार्डावरील प्रोग्रामच्या हाती सूत्रे देतो; अशा रीतीने, ज्या डिस्कची कल्पनाही मूळ रचनाकारांना नव्हती, ती त्यांच्याच नियमांनी चालते. 27 ऑक्टोबर 1982 या तारखेपूर्वीच्या आयबीएम बायोसला मात्र हा शोध घेता येत नाही. तेथे बायोसची चिप बदलण्यास पर्याय नाही.

पीसीआय या नंतरच्या स्लॉटच्या बाबतीत डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. पाच व्होल्ट आणि 3.3 व्होल्ट यांसाठी कार्डाच्या कडेला वेगवेगळ्या ठिकाणी खाच असते. नवी कित्येक कार्डे दोन्ही खाचांची असल्याने जुन्या बोर्डात सहज बसतात, परंतु त्यांपैकी काहींना 3.3 व्होल्टचा पुरवठा लागतोच, आणि आरंभीच्या अनेक बोर्डांवर तो नसतोच.

जुळवून घेण्याचा भार कोणी उचलावा, या प्रश्नावरून लिपी आणि यंत्र यांच्यात झालेल्या तंट्याचे एक प्रकरण वर्ध्यातच घडले आहे. 1936 साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या प्रकाशनांत ‘अ’ची बाराखडी स्वीकारली होती, म्हणजे इ, ई, उ या स्वतंत्र अक्षरांऐवजी ‘अ’लाच वेलांटी आणि उकार लावावयाचा, जेणेकरून छापखान्यातील खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी लागाव्यात. हेतू उदात्त होता, पण माघार लिपीने घेतली. पुढे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि विदर्भपुत्र विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले जिस्ट कार्ड आले, आणि त्याने हा क्रम उलटा केला. इंग्रजीपुरत्या बनविलेल्या पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसविले, की डॉसवरील जुन्याच प्रोग्रामांत देवनागरी मजकूर लिहिता-वाचता येई. प्रोग्रामच्या लेखी ते केवळ सांकेतिक अंक असत. ‘क’नंतर टंकलेली ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर ‘क’च्या आधी मांडणे, ‘क्’ आणि ‘ष’ यांचा ‘क्ष’ करणे, हे सारे त्या कार्डाच्या अंगावर होते. ना यंत्र बदलले, ना प्रोग्राम, ना लिपी. या जातीच्या कामाचा याहून सुंदर नमुना माझ्या पाहण्यात नाही.

ते कार्ड काढले, तर मराठी नावांच्या जागी ग्रीक अक्षरे आणि चौकटीच्या रेघा दिसू लागतात आणि मालक घाबरतात. पण माहिती शाबूत असते. ती ज्या इस्की संकेतात, म्हणजे 1991 च्या भारतीय मानक 13194 प्रमाणे लिहिलेली असते, त्याच परंपरेच्या 1988 च्या आवृत्तीवरून युनिकोडमधील देवनागरीची मांडणी बेतलेली असल्यामुळे, तिचे रूपांतर फारसे दुष्कर नाही. अशी पेटी कोणाच्या माडीवर असेल, तर तिला वीज देण्यापूर्वी बोर्डावर डाख देऊन बसविलेली घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी आधी काढून घ्यावी, कारण तिच्यातून झिरपलेला क्षार तांब्याच्या रेषा खातो. स्लॉटमध्ये साचलेली कापसाची तूस मऊ कुंचल्याने झाडावी. आणि आतील लांबलचक कार्डावर जिस्ट असे नाव दिसले, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्या यंत्रातील फायलींची एक प्रत काढून ठेवावी.